मज्जारज्जूबाहेरील विकृती : दाब आणि काळ यांचा विचार

दोन्ही पायांतील शक्ती हळूहळू ओसरत चाललेला रुग्ण वैद्यासमोर येतो, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : दोष मज्जारज्जूतच उत्पन्न झाला आहे, की मज्जारज्जू मूळचा निर्दोष असून त्याच्या शेजारी वाढलेली एखादी वस्तू त्याला चेपीत आहे? वरवर पाहता दोन्ही प्रकारांत दुःख एकच दिसते. पाय जड होतात, तोल जातो, संवेदना बोथट होते आणि पुढे मलमूत्रावरील ताबा सुटतो. परंतु या प्रश्नाच्या उत्तरावर त्या माणसाचे उर्वरित आयुष्य अवलंबून असते. रज्जूचे पेशीजाल एकदा नष्ट झाले, की ते पुन्हा निर्माण करण्याचा उपाय आजही आपल्या हाती नाही. उलट, बाहेरून चेपला गेलेला रज्जू दाब वेळेवर दूर केल्यास पुष्कळदा पूर्ववत काम करू लागतो.

मेरुनालाच्या आत परंतु मज्जारज्जूच्या बाहेर उद्भवणाऱ्या या विकृतींचे स्वरूप परस्परांहून अत्यंत भिन्न असते. त्यांत सौम्य अर्बुदे येतात, कर्करोगाची दूरवर पसरलेली मुळे येतात, क्षयाचा पू येतो, साचलेले रक्त येते आणि मणक्यांमधील चकतीचा निसटलेला तुकडाही येतो. त्या सर्वांना एका सूत्रात गोवणारी गोष्ट म्हणजे दाब. त्या दाबाचा परिणाम काय होणार हे त्याच्या प्रमाणाइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, त्याच्या गतीवर ठरते. हे तत्त्व स्पष्ट करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रचनेचा विचार

मणके एकावर एक रचले गेल्याने त्यांच्या मागील कमानींची मिळून हाडांची एक नळी तयार होते. हिलाच मेरुनाल म्हणतात. या नळीत मज्जारज्जू असतो. प्रौढ पुरुषात त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर व जाडी साधारणतः करंगळीएवढी असते. तो कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो. त्याखाली नळीत उरतो तो केवळ मज्जातंतूंच्या मुळांचा झुबका. घोड्याच्या शेपटीशी असलेल्या साम्यामुळे त्याला अश्वपुच्छ असे नाव पडले आहे. रज्जूपासून दोन्ही बाजूंना मज्जातंतूंच्या एकतीस जोड्या निघतात.

रज्जूभोवती तीन आवरणे असतात. सर्वांत आतील मृदुतानिका रज्जूस चिकटलेली असते. तिच्या बाहेर नाजूक जालतानिका असून या दोहोंमधील अवकाशात मस्तिष्क-मेरुद्रव खेळत असतो. सर्वांत बाहेरची दृढतानिका जाड व चिवट असते. तिच्या आणि हाडाच्या मध्ये जी थोडी जागा उरते, ती चरबी व शिरांच्या जाळ्याने भरलेली असते. शिवाय मृदुतानिकेपासून निघालेले दातेरी बंध रज्जूला दोन्ही कडांनी दृढतानिकेशी बांधून ठेवतात.

या रचनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, हाडांची नळी ताणली जात नाही. तिच्यात काहीही वाढले तर प्रथम द्रवाची व चरबीची जागा व्यापली जाते आणि ती संपताच रज्जू चेपला जाऊ लागतो. दातेरी बंधांमुळे त्याला बाजूला सरकण्यासही फारसा वाव नसतो. दुसरी अशी की, दृढतानिका ही या प्रदेशातील खरी सीमारेषा आहे. विकृती तिच्या आत आहे की बाहेर, यावर तिचे मूळ, तिची गती आणि तिचा उपाय ही बहुतांशी ठरतात.

१८८७ ची शस्त्रक्रिया

या विषयाच्या इतिहासात लंडन येथील एका शस्त्रक्रियेस विशेष स्थान आहे. सैन्यातील एका बेचाळीस वर्षांच्या अधिकाऱ्यास १८८४ पासून पाठीत, खांद्याच्या फऱ्याच्या आसपास, तीव्र वेदना होत असत. अनेक वैद्य झाले व अनेक निदाने झाली, परंतु वेदना थांबली नाही. १८८७ च्या पूर्वार्धात त्याचे पाय दुर्बल होत गेले आणि जूनपर्यंत ते पूर्णपणे लुळे पडले. त्या वेळी मज्जाविकारांचे नामांकित तज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी त्याला तपासून असा निष्कर्ष काढला की, रज्जूच्या बाहेरून वाढलेली एखादी गाठ त्याला चेपीत असली पाहिजे. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अद्याप आठ वर्षे अवकाश होता. हे निदान केवळ लक्षणांच्या क्रमावरून केलेले होते.

९ जून १८८७ रोजी व्हिक्टर हॉर्स्ली यांनी मणक्यांच्या कमानी काढून दृढतानिका उघडली. परंतु जेथे गाठ अपेक्षित होती तेथे काहीच आढळले नाही. तेथेच जखम शिवून टाकली असती तर तो अधिकारी अपंगावस्थेतच मृत्यू पावला असता. हॉर्स्ली यांनी आणखी वरचा भाग उघडला आणि रज्जूच्या डाव्या बाजूस त्यात खळगा पाडून बसलेली बदामाच्या आकाराची गाठ त्यांना दिसली. ती रज्जूला इजा न होता सुटी झाली. रुग्णाच्या पायांत हळूहळू शक्ती परतली, तो चालू लागला आणि पुढे पूर्ववत कामावर रुजू झाला. दृढतानिकेच्या आतील गाठ आधी निदान करून यशस्वीपणे काढल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

गाठ अपेक्षेपेक्षा वर सापडली हा निव्वळ योगायोग नव्हता. वेदना व उष्णता यांच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या तंतूंची रज्जूतील मांडणी थरांची असते. पायांकडून व बैठकीच्या भागाकडून येणारे तंतू बाहेरच्या कडेला, तर हातांकडून येणारे आतल्या बाजूला असतात. बाहेरून दाब पडला की प्रथम कडेचे तंतू बाधित होतात. म्हणून बधिरता बहुधा पायांपासून आरंभ होऊन हळूहळू वर चढत जाते. मधल्या काळात तपासणाऱ्याला तिची वरची सीमा प्रत्यक्ष गाठीच्या पुष्कळ खाली सापडते. रज्जूच्या आत उत्पन्न झालेल्या विकृतीत बरेचदा याच्या उलट घडते. तेथे बैठकीच्या भागातील संवेदना शेवटपर्यंत टिकून राहू शकते. रज्जूबाहेरील विकृतीचा रुग्ण पोटापाशी बधिरता सांगत असताना गाठ छातीच्या वरच्या भागात असू शकते, हे चिकित्सकाने सदैव ध्यानी ठेवावे.

लक्षणांचा क्रम

रज्जूबाहेरील सौम्य गाठीचा इतिहास सामान्यतः तीन पायऱ्यांनी पुढे जातो. पहिली पायरी मुळाच्या वेदनेची. गाठ ज्या मज्जातंतूच्या मुळाला डिवचते, त्याच्या प्रदेशात पट्ट्यासारखी वेदना उठते. खोकल्याने, शिंकेने व जोर केल्याने ती वाढते. रात्री आडवे झाल्यावर ती तीव्र होऊन रुग्णाला उठून बसावयास लावते, ही तिची एक लक्षणीय खूण होय. छातीच्या पातळीवरील गाठीची वेदना फासळीच्या बाजूने पुढे येते. त्यामुळे ती हृदयाची, पित्ताशयाची किंवा मूत्रपिंडाची मानली जाण्याचा संभव असतो. या अवस्थेत रुग्ण वर्षानुवर्षे निरनिराळ्या दारांशी जात राहतो.

दुसऱ्या पायरीवर रज्जूची एक बाजू चेपली जाते. त्या बाजूचा पाय दुर्बल व ताठर होतो, तर विरुद्ध बाजूच्या पायाला वेदना व उष्णता कळेनाशी होते. शार्ल-एद्वार ब्राउन-सेकार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या विषम चित्राचे स्पष्टीकरण दिले. अशा रुग्णाला एका पायाची चप्पल निसटलेली कळत नाही आणि दुसऱ्या पायाला चटका बसला तरी समजत नाही. तिसऱ्या पायरीवर दोन्ही पाय लुळे पडतात व मूत्राशयाचा ताबा जातो. या तीन पायऱ्यांमध्ये कित्येक महिने, क्वचित वर्षेही जातात. निदानाची संधी पहिल्या दोन पायऱ्यांवर असते. रुग्ण मात्र बहुधा तिसरीवर येतो.

दृढतानिकेच्या आतील अर्बुदे

या जागी प्रामुख्याने दोन प्रकारची अर्बुदे आढळतात. पहिला प्रकार मज्जातंतूच्या मुळाच्या आवरणापासून वाढणारा होय. श्वानोमा व न्यूरोफायब्रोमा ही त्यांची प्रचलित नावे. ही गाठ कधी कधी दोन मणक्यांमधील छिद्रातून बाहेर पडून तेथेही फोफावते आणि तिला मधोमध चेपलेल्या डंबेलाचा आकार येतो. दुसरा प्रकार आवरणांपासून वाढणारा. त्यास मेनिंजिओमा हे नाव हार्वी कुशिंग यांनी १९२२ मध्ये दिले. मेरुनालातील मेनिंजिओमा पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक प्रमाणात आढळतो आणि बहुतेक वेळा छातीच्या मणक्यांच्या पातळीवर असतो.

ही दोन्ही अर्बुदे बहुधा सौम्य असतात. ती रज्जूत शिरत नाहीत, केवळ त्याला बाजूस दाबतात. शस्त्रक्रियेच्या वेळी रज्जू फितीसारखा चपटा झालेला दिसतो आणि तरीही तो रुग्ण त्या दिवसापर्यंत चालत असलेला असू शकतो. दाब संथ गतीने वाढला म्हणजे रज्जू त्याच्याशी किती जुळवून घेतो, याचा याहून बोलका पुरावा नाही. वृद्ध स्त्रीच्या पायांतील दुर्बलता वयाच्या किंवा संधिवाताच्या माथी मारली जाते, तेव्हा एका साध्य व्याधीवर असाध्यतेचा शिक्का बसण्याचा धोका असतो.

दृढतानिकेबाहेरील विकृती

दृढतानिकेबाहेरच्या जागेत चित्र निराळे आहे. येथील विकृती बहुधा मणक्यांतून किंवा रक्तमार्गाने येतात आणि त्यांची गती पुष्कळदा जलद असते.

आपल्या देशाच्या दृष्टीने यांतील सर्वांत महत्त्वाची विकृती म्हणजे मणक्यांचा क्षय. पाठीच्या कुबडासह येणाऱ्या पायांच्या लुळेपणाचे वर्णन लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये केले. क्षयजंतूंचा शोध १८८२ मध्ये लागावयाचा असल्याने रोगाचे मूळ त्यांना ज्ञात असणे शक्य नव्हते. या रोगात मणक्यांचा पुढचा भाग झिजतो, पू साचतो, मृत हाडांचे व चकत्यांचे तुकडे मागे ढकलले जातात आणि रज्जूवर पुढून दाब येतो. औषधांपूर्वीच्या काळात रुग्णाला वर्षानुवर्षे प्लास्टरमध्ये निजवून ठेवणे हाच उपाय होता. १९४० नंतरच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन व १९५२ मध्ये आयसोनियाझिड उपलब्ध झाले आणि ही स्थिती पालटली. हाँगकाँग येथे हॉजसन व स्टॉक यांनी १९५६ मध्ये पुढील बाजूने रोगट हाड काढून तेथे निरोगी हाड बसविण्याची पद्धती प्रसिद्ध केली. पुढे ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाच्या वतीने कोरिया, ऱ्होडेशिया व हाँगकाँग आणि नंतर मद्रास येथे तुलनात्मक प्रयोग झाले. योग्य औषधे नियमितपणे घेतल्यास दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहण्याची आवश्यकता नसते, हे त्यांतील कोरियाच्या प्रयोगांनी १९७३ पासून दाखवून दिले. वाराणसी येथील तुली यांनी १९७५ मध्ये मांडलेला मध्यम मार्ग याच विचारावर आधारलेला होता. प्रथम औषधे द्यावीत आणि सुधारणा न होणाऱ्या किंवा बिघडत जाणाऱ्या निवडक रुग्णांवरच शस्त्रक्रिया करावी, असे त्याचे सार आहे.

क्षयातील लुळेपणाविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. रोग सक्रिय असताना, म्हणजे पू व सूज यांच्या दाबाने आलेला लुळेपणा उपचाराने पुष्कळदा बरा होतो. रोग विझून गेल्यावर, कुबडाच्या टोकाशी राहिलेल्या हाडाच्या कंगोऱ्यावर रज्जू वर्षानुवर्षे ताणला जाऊन जो लुळेपणा येतो, तो मात्र दुराग्रही असतो. म्हणून बालवयातील क्षयावर कुबड वाढण्यापूर्वीच उपचार होणे अगत्याचे आहे.

क्षयाचा पू संथपणे साचतो. सामान्य पूजंतूंमुळे होणारे दृढतानिकेबाहेरील गळू मात्र अतिशय त्वरेने वाढते. मधुमेही व्यक्तीच्या त्वचेवरील एखाद्या फोडापासूनही त्याचा उगम होऊ शकतो. ह्यूस्नर यांनी १९४८ मध्ये त्याच्या चार अवस्था वर्णिल्या : पाठदुखी, मुळाची वेदना, दुर्बलता आणि लुळेपणा. शेवटच्या दोन अवस्थांमधील अंतर कधी काही तासांचेच असते. पूर्ण लुळेपणा येऊन एक-दीड दिवस लोटल्यानंतर पू काढला तरी शक्ती परतण्याची आशा अल्प असते. ताप, एका जागी केंद्रित झालेली पाठदुखी आणि पायांत नव्याने आलेली दुर्बलता ही तिन्ही एकत्र दिसल्यास उद्याची वाट पाहू नये. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या रुग्णास या जागेत रक्तस्राव झाल्यासही असेच घडते.

तिसरा मोठा गट म्हणजे अन्यत्र उद्भवलेल्या कर्करोगाची मणक्यांत पसरलेली मुळे. स्तन, फुप्फुस व पुरःस्थ ग्रंथी ही त्यांची नेहमीची उगमस्थाने होत. मेरुनालाभोवतीच्या शिरांना झडपा नसतात. ओटीपोटातील शिरांचे रक्त त्यामुळे उलट दिशेने मणक्यांत जाऊ शकते, असे बॅट्सन यांनी १९४० मध्ये दाखविले. अशा रुग्णास आता करण्यासारखे काही उरले नाही असे मानण्याची प्रवृत्ती असते. ती योग्य नव्हे. २००५ मध्ये अमेरिकेत पॅचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०१ रुग्णांवरील तुलना प्रसिद्ध केली. दाब शस्त्रक्रियेने दूर करून नंतर किरणोपचार दिलेल्यांपैकी ८४ टक्के रुग्ण चालू शकले, तर केवळ किरणोपचार दिलेल्यांपैकी ५७ टक्के. आयुष्याचे दिवस मोजके असले तरी ते स्वतःच्या पायांवर घालविणे आणि खाटेवर घालविणे यांत फार मोठे अंतर आहे.

चकतीच्या निसटलेल्या तुकड्याचाही उल्लेख येथे करावयास हवा. हे तुकडे पूर्वी कूर्चेची अर्बुदे समजून काढले जात. ते वस्तुतः फाटलेल्या चकतीचेच भाग असतात, हे मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये बोस्टन येथून सिद्ध केले. ही विकृती बहुतेक वेळा कमरेत, अश्वपुच्छाच्या पातळीवर असते. तेथे बैठकीच्या भागास बधिरता येऊन लघवी तुंबल्यास ती तातडीची अवस्था समजावी.

गतीचे महत्त्व

एका रुग्णाचा रज्जू फितीएवढा चपटा होऊनही तो चालतो आणि दुसऱ्याचा त्याहून कमी चेपला असताही तो कायमचा अपंग होतो, हे कसे? टार्लोव्ह यांनी १९५३-५४ च्या सुमारास कुत्र्यांच्या मेरुनालात लहान फुगे ठेवून या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. फुगा मंद गतीने फुगविला असता पूर्ण लुळेपणा आल्यावरही बऱ्याच काळानंतर दाब काढून शक्ती परत येऊ शकत असे. तोच एकदम फुगविल्यास ही मुदत फारच अल्प ठरे.

याचे स्पष्टीकरण असे : संथ दाबाने प्रथम शिरांतील रक्तप्रवाह मंदावतो, सूज येते आणि तंतूंचे मेदावरण झिजते. तंतू तुटलेले नसतात, केवळ त्यांतून संदेश जाणे थांबलेले असते. म्हणून दाब निघताच ते पुन्हा जागे होतात. दाब अकस्मात वाढला किंवा दीर्घकाळ टिकला म्हणजे धमन्यांचा रक्तपुरवठा तुटतो आणि पेशी मरतात. त्यानंतर शल्यवैद्याने कितीही कौशल्याने जागा मोकळी केली तरी तेथे जागे होण्यास काही उरलेले नसते. शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्ण चालत होता की नव्हता, यावरच पुढील परिणामाचे भाकीत सर्वांत अधिक अवलंबून असते, असा जो सार्वत्रिक अनुभव आहे त्याचे मूळ येथे आहे.

निदानाची साधने

क्विंके यांनी १८९१ मध्ये कमरेतून द्रव काढण्याची रीत प्रचारात आणली. द्रवाचा मार्ग अडला असता अडथळ्याखालील द्रव पिवळा व प्रथिनांनी इतका संपृक्त होतो की तो आपोआप गोठतो, हे फ्रवाँ यांनी १९०३ मध्ये नोंदविले. मानेतील शिरा दाबल्यावर खालच्या द्रवाचा दाब वाढतो की नाही यावरून अडथळा ओळखण्याची चाचणी केकेनश्टेट यांनी १९१६ मध्ये दिली. या रीतींत धोकाही होता. अडथळ्याखालून द्रव काढल्याने गाठ सरकून लुळेपणा एकाएकी वाढू शकतो, आणि सुई गळवातून आत गेल्यास पू आवरणांच्या आत नेला जातो.

त्यानंतर सिकार व फॉरेस्त्ये यांनी १९२१-२२ च्या सुमारास क्ष-किरणांना अपारदर्शक असे तेल मेरुनालात सोडून चित्रे घेण्यास आरंभ केला. त्या चित्रांवरून तिन्ही जागा वेगळ्या ओळखता येऊ लागल्या. दृढतानिकेच्या आतील गाठीभोवती द्रवाचा स्तंभ चंद्रकोरीसारखा थांबतो व रज्जू विरुद्ध बाजूस ढकललेला दिसतो. बाहेरील विकृतीत संपूर्ण स्तंभच कडेने आत लोटला जातो. रज्जूतील विकृतीत रज्जू चहूबाजूंनी रुंदावतो. पुढे आढळून आले की, आत राहिलेली तेलद्रव्ये काही रुग्णांत जालतानिकेचा दाह उत्पन्न करतात. निदानाच्या साधनानेच रज्जूबाहेर एक नवी विकृती निर्माण करावी, हा या इतिहासातील एक कटू धडा होय. १९८० नंतरच्या दशकात चुंबकीय अनुस्पंदनाने प्रतिमा घेण्याची पद्धती, म्हणजेच एम.आर.आय., प्रचारात आली आणि सुई न टोचता या सर्व गोष्टी दिसू लागल्या.

समारोप

तथापि यंत्र स्वतः होऊन रुग्णाला बोलावीत नाही. रुग्णास यंत्रापर्यंत पोहोचविणारा विचार प्रथम तपासणाऱ्याच्या मनात यावा लागतो. गॉवर्स यांच्यापाशी यंत्र नव्हते, विचार होता. आज यंत्र आहे. परंतु फासळीच्या बाजूने फिरणारी रात्रीची वेदना, निसटलेली पण न कळलेली चप्पल, जिना उतरताना अडखळणारा पाय, लघवीस लागणारा वाढता वेळ, या साध्या गोष्टींची विचारपूस झाली नाही तर ते यंत्र निरुपयोगी ठरते. एम.आर.आय.ची सोय जेथून दूर आहे, तेथील वैद्यावर तर ही जबाबदारी अधिकच येऊन पडते. पायांची शक्ती तपासणे, टाचणीने बधिरतेची सीमा शोधणे आणि तळपायाच्या कडेने किल्ली ओढून अंगठा वर उचलला जातो का ते पाहणे, एवढ्याला काही मिनिटेच पुरतात.

मज्जारज्जूबाहेरील विकृतींचा अभ्यास करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही की, येथे रोगाच्या नावाइतकेच घड्याळालाही महत्त्व आहे. सौम्य गाठ आपल्याला महिने देते, क्षय आठवडे देतो आणि पुवाचे गळू किंवा साचलेले रक्त काही तासच देते. त्या मुदतीत दाब दूर झाला तर चेपलेला रज्जू पुष्कळदा आपले काम पुन्हा हाती घेतो. ती टळली तर उपचार होतात, जखम भरते, पण माणूस उठत नाही.